फुग्यांची दोरी

वाढदिवसाचं आमंत्रण आलं की लोक भेट काय न्यायची याचा विचार करतात. मी विचारते, "त्या वेळी लहान मुलं कुणाकडे असणार आहेत?" यावरून आमच्या घरात माझी भरपूर थट्टा होते. "आल्या चौकशी अधिकारी," असं जाऊबाई अजूनही म्हणतात. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण हा प्रश्न काही तोंडातून जात नाही. तो का जात नाही, हे एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हा लेख.

नोकरीचा बहुतेक काळ मी आपल्या जिल्ह्यातल्या बालगृहांमध्ये फिरण्यात घालवला. ज्या मुलांना घर नाही, किंवा आहे पण तिथं ठेवण्यासारखी परिस्थिती नाही, अशांची राहायची जागा म्हणजे बालगृह. तिथं एखाद्या मुलाला दुसऱ्या मुलाकडून इजा झाली, की नक्की काय घडलं ते शोधून बालकल्याण समितीपुढं मांडावं लागतं. मूल कुठं राहणार, कुणाबरोबर राहणार, हे ती समिती ठरवते. शोधून मांडणारी बाई म्हणजे मी. पोलीस नाही, डॉक्टर नाही, शिक्षिकाही नाही. पण तिघांचंही थोडं थोडं काम पदरात पडायचं, आणि तिघांपैकी एकाचाही रुबाब मिळायचा नाही.

या कामाबद्दल बाहेरच्या लोकांची दोन मतं असतात. काहींना वाटतं, लेकरंच ती, भांडणारच, त्यात चौकशी कसली करायची? आणि काहींना वाटतं, असल्या घरांतून आलेली पोरं असलीच निघणार, वेगळी ठेवा त्यांना. दोन्ही मतांच्या लोकांशी मी तोंडावर भांडले आहे. लागलेल्या मुलाचं दुखणं खरं असतं, ते खेळ म्हणून सोडून देता येत नाही. आणि ज्यानं इजा केली तेही मूलच असतं, त्याला गुन्हेगार म्हणून हाकलता येत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवायच्या, एवढंच आमचं कौशल्य. ऐकायला सोपं वाटतं, पण समोर रडणारं पोर असलं की पाच मिनिटांत यातली एक गोष्ट हातातून निसटते.

एकदा एका मुलांच्या बालगृहात छोट्याशा पोराच्या दंडाला कुणीतरी कडकडून चावलं होतं. सगळ्यांनी दांडगट म्हणून नावाजलेल्या मोठ्या मुलाकडे बोट दाखवलं. मी वळ पाहिला. वरच्या दातांच्या ओळीत मधोमध जागा मोकळी होती. मग मी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि आमच्या घरच्या बोक्यानं पाहुण्यांच्या ताटातला बोंबील कसा पळवला ते सांगितलं. सगळी खो खो हसली. सर्वांत गोड, कपाळाला रोज गंध लावणारं, प्रार्थना पुढं उभं राहून म्हणणारं एक पोर हसलं आणि त्याच्या तोंडात नेमकी तेवढीच खिडकी दिसली. दांडगट मुलगा मला नंतर म्हणाला, "मॅडम, म्या सांगत होतो, पन माझं कोन ऐकतंय?" त्याला सवय झाली होती न ऐकलं जाण्याची. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पण सांगायची होती ती गोष्ट रुक्माची.

मुलींचं एक बालगृह होतं, लष्करी छावणीच्या पलीकडच्या बाजूला. नाव सांगत नाही. संस्था वाईट नव्हती. स्वयंपाक चांगला असायचा, मुली शाळेत जायच्या, अंगावर स्वच्छ कपडे असायचे. अधीक्षिका, म्हणजे तिथली कारभारीणबाई, दिवसभर राबायच्या. त्यांचा एकच दोष, त्यांना संस्था कायम फोटोत चांगली दिसायला हवी असे. एका सकाळी त्यांचा मला फोन आला.

"मॅडम, ताबडतोब या. आमच्या मोठ्या मुलीनं एका लहान मुलीला जनावरासारखं बांधून ठेवलं होतं. तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवा. मी पत्र तयार ठेवलंय."

पत्र आधी आणि चौकशी नंतर, हा क्रम मी पुष्कळदा पाहिला होता. मी म्हटलं, "पत्र राहू द्या. डॉक्टरांना दाखवलं का?" दाखवलं नव्हतं. मग पहिलं काम तेच केलं.

बांधली गेलेली मुलगी होती पिंकी, सहा वर्षांची. डाव्या घोट्याभोवती बारीक लाल वळ होता, आणि एका बाजूला तो इतका खोल गेला होता की कातडी सोलली होती. डॉक्टरांनी मलम लावलं. पिंकी सबंध वेळ एकच नाव घेऊन रडत होती, "रुक्माताई, रुक्माताई."

"बघा," अधीक्षिका म्हणाल्या, "तीच नाव सांगतेय."

मी त्या रडण्याकडे कान लावून बसले. माझ्या मते ती नाव सांगत नव्हती. ती हाक मारत होती.

रुक्मा चौदा वर्षांची होती. करमाडकडची, धनगराच्या घरातली. आई गेलेली, आणि बाप मेंढरं घेऊन वर्षातला मोठा काळ रानोमाळ हिंडणारा. मागं पोरींना बघणारं कुणी नाही म्हणून तिला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला, साळूला, बालगृहात ठेवलं होतं. या बालगृहात एक पद्धत होती. प्रत्येक मोठ्या मुलीकडे एक लहान मुलगी सोपवायची. वेणी घालायची, जेवू घालायचं, अंथरूण टाकायचं. कागदावर फार सुंदर दिसते अशी पद्धत. फक्त सख्ख्या बहिणींची जोडी लावायची नाही, नाहीतर त्या आपल्यापुरतंच बघतात, असा नियम. म्हणून रुक्माकडे पिंकी आली आणि साळू दुसऱ्याच एका मुलीकडे गेली.

मुलांना मी नेहमी एकेकट्याला भेटत असे, आणि कधीच टेबलामागं बसून नाही. एकच प्रश्न तीनदा विचारायचा नाही, कारण मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते दुसरं काढून देतं. "खरं सांग" म्हणायचं नाही, त्याचा अर्थ तू खोटारडी आहेस असाच होतो. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण सांगणं हेच तर आपलं काम. हे सगळं मी रुक्माला समजावून सांगायला सुरुवात केली, तर तिनं मला मध्येच तोडलं.

"म्याच बांधलं."

"बरं."

"व्हय. म्याच. पाठवा मला कुठं पाठवायचं ते."

कबुली इतक्या झटपट आली की मी सावध होते. मूल नाकारतं तेव्हा ते घाबरलेलं असतं, हे कळतं. पण न विचारता कबूल करतं तेव्हा त्यानं आधी काहीतरी हिशेब केलेला असतो.

मी पर्समधून पिंकीच्या पायातून सोडवलेली दोरी काढली. नायलॉनची, बारीक, लाल रंगाची. आदल्या दिवशी एका दानशूर गृहस्थांनी आपल्या नातवाचा वाढदिवस बालगृहात साजरा केला होता. शहरात ही चाल आहे, चांगली आहे. केक, पुरीभाजी, फुगे. फुगे टांगायला आणलेल्या दोरीचाच हा तुकडा होता. मी हात पुढं केला.

"कशी बांधलीस? माझ्या मनगटावर दाखव."

तिनं दोरी घेतली. मान खाली घालून, जराही न अडखळता तिनं माझ्या मनगटाभोवती वेढा घेतला, टोक आतून बाहेर काढलं, परत फिरवलं आणि गाठ मारली. मी हात ओढला. जोरात ओढला. गाठ तसूभर आवळली नाही. कडं घातल्यासारखी दोरी मनगटावर सैलच राहिली.

"ही कसली गाठ गं?"

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "कोकराच्या गळ्यातली. कितीबी वढलं तरी आवळत नाय. आवळली तर मरंल की ते."

"तुला दुसरी येते?"

"दुसरी कशाला लागती?"

पिंकीच्या घोट्यावरचा वळ अशा गाठीनं पडणं शक्य नव्हतं. तो साध्या फासाचा वळ होता. ओढलं की आवळणारा, आणि पोर सुटायला धडपडलं की आणखी आवळणारा. रुक्माच्या हातांना तसा फास टाकताच आला नसता. लहानपणापासून तिच्या बोटांना एकच गोष्ट शिकवलेली होती, बांधलेल्या जिवाला इजा होता कामा नये.

खोलीबाहेर येऊन मी स्वयंपाकघरात गेले. तिथं स्वयंपाक करणाऱ्या खाला माझ्या जुन्या ओळखीच्या. बालगृहात खरं काय चाललंय ते ऑफिसपेक्षा चुलीपाशी लवकर समजतं. खालांनी चहा पुढं केला आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाल्या. "वो रुक्मा को काहे को पकडे मैडम? पूरा टाइम मेरे बाजू में बैठके पूरियां बेलरी थी. मेहमान गए तब तक उठीच नै."

"मग लहान मुलींजवळ कोण होतं?"

"कोई नै. सब फोटो में थे."

आता चित्र सरळ झालं होतं, पण मला ते मुलांकडूनच ऐकायचं होतं. मी साळूला मागच्या अंगणात गाठलं. चिंचेखाली बसून ती चिंचोके गोळा करत होती. मीही बसले आणि गोळा करायला लागले. मग तिनंच विचारलं, "ताईला कधी नेनार?"

"कुणी सांगितलं नेणार म्हणून?"

"मोठ्या मॅडम म्हनल्या. जिनं केलं तिला लांब पाठवनार."

"आणि जिनं केलं ती ताई आहे का?"

तिनं मुठीतले चिंचोके जमिनीवर टाकले. मग तिनं पाय लांब केला, परकर वर ओढला आणि आपला घोटा माझ्यापुढं धरला.

"मला बांधा," ती म्हणाली. "तशीच. मंग ताईला नका नेऊ."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी मुलांपुढं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, असं मी अभिमानानं सांगत असते. त्या दिवशी चिंचोके शोधायच्या निमित्तानं मान खाली घालावी लागली, हेही सांगून टाकते.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पिंकीच्या डोक्यात तेव्हा खवडे झाले होते, केस कापलेले होते. पाहुणे यायच्या आधी अधीक्षिका रुक्माला म्हणाल्या होत्या, "हिला आत ठेव, बाहेर येऊ देऊ नकोस." पिंकी तर रुक्माची सावली, ती आत कशी थांबणार? रुक्माला पुऱ्या लाटायला बोलावणं आलं, तेव्हा तिनं ते काम बहिणीवर सोपवलं, "साळे, हिला धरून ठिव." साळूनं थोडा वेळ धरलं. मग बाहेर गाणं सुरू झालं, केकचा वास आला, पिंकी "रुक्माताई" म्हणून ओरडायला लागली. साळूनं दोरी आणली आणि मागून येऊन तिचा पाय पलंगाला बांधला.

"वाड्यावर आई मला बी बांधायची," साळू म्हणाली. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. आई कामात असली की रांगत्या पोराला मऊ चिंधीनं खुंटीला बांधते, पोर विस्तवाकडं जाऊ नये म्हणून. "तशीच बांधली म्या बी."

"तशीच?"

तिनं एक चिंचोका मातीत दाबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ती सारखी माझ्या ताईला ताई म्हनती. माझी ताई हाय ती. म्या जोरात वढलं."

ते जोरात ओढणं मी अहवालात लिहिलं. लपवलं नाही. इथं काही लोक माझ्याशी सहमत होत नाहीत, म्हणतात लेकराची माया होती, समजून घ्या. समजून तर घेतलंच. पण पिंकीचा पाय सोलला होता, आणि तिनं "सोड, सोड" म्हटलेलं साळूनं ऐकलं होतं. ते न लिहिणं म्हणजे पिंकीला पुन्हा एकदा खोलीत कोंडणं झालं असतं.

पण मी आणखीही एक गोष्ट लिहिली. मुलांमधल्या इजेची दोरी हातात घेऊन मागं मागं गेलं, की तिचं दुसरं टोक बहुतेकदा मोठ्या माणसाच्या मुठीत सापडतं. पिंकीला आत ठेवायचा हुकूम मोठ्यांचा होता. लहान मुलींपाशी एकही मोठं माणूस नव्हतं, कारण सगळी मोठी माणसं फोटोत होती. आणि दोन बहिणींना एका छपराखाली ठेवून एकमेकींपासून तोडलं होतं, तेही मोठ्यांनीच, व्यवस्था म्हणून. अधीक्षिका अहवाल वाचून संतापल्या.

"मॅडम, दोरी मी बांधली का?"

"नाही. पण बांधायला लागेल अशी वेळ तुम्ही आणलीत."

त्या माझ्याशी पुढं बरेच महिने बोलल्या नाहीत. मी काही मनावर घेतलं नाही. पण चांगल्या बाई होत्या. पाहुणे आले तरी लहान मुलींपाशी एक बाई कायम बसेल, असा नियम त्यांनीच केला, आणि तो पाळला.

समितीपुढं जायच्या आधी मी रुक्माला भेटले. साळूनं सांगितलंय, एवढंच म्हटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मंग तिला पाठवनार?"

"मी तर दोघींना इथंच ठेवायला सांगणार आहे. पण तू खोटं का बोललीस?"

"ती दुसरीकडं जेवायची नाय. तिला भात कालवून द्यावा लागतो." आणि मग एकदम रडायला लागली, "मला कुठंबी राहता येतंय मॅडम. तिला नाय येत."

मी तिला सांगितलं की कुठंही राहता येणं ही चौदा वर्षांच्या मुलीला यायची गोष्ट नाही. तिला ते कितपत कळलं कोण जाणे.

पिंकीला मी वेगळं विचारलं. ज्याला लागलं त्याला काय हवंय, हे विचारायचं राहून जातं आणि बाकी सगळ्यांचे निर्णय होतात, ही आमच्या कामातली सर्वांत सहज होणारी चूक. साळू इथं राहिली तर चालेल का, असं विचारल्यावर पिंकीनं खूप विचार केला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पन माझ्या मागं उभी नको ऱ्हाऊ म्हना." तेही जसंच्या तसं अहवालात गेलं, आणि साळूलाही मी ते सांगितलं.

समितीनं ऐकलं. कुणालाच हलवलं नाही. जोड्यांची पद्धत मोडली, बहिणी एका खोलीत आल्या, पिंकीची खाट एका मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि रुक्माकडे ती वाटेल तेव्हा जाऊ शकेल असं ठरलं. निर्णय सांगायला मी गेले, तेव्हा रुक्मानं विचारलं, "मंग आता मला कुनाचं करायचं?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही. जा, खेळ." ती अंगणात गेली आणि लंगडी खेळणाऱ्या मुलींच्या कडेला हात बांधून उभी राहिली. खेळायचं कसं हे तिला आठवत नव्हतं. या पूर्ण प्रकरणात मला काही जमलं नाही असं वाटतं, ते हेच. ती शेवटपर्यंत कडेलाच उभी राहत असे.

पुढं दिवाळीच्या सुमारास बाप भेटायला आला. मेंढरं भावाच्या हवाली करून, करमाडवरून बसनं. पोरींसाठी रेवड्या आणल्या होत्या. अंगावर घोंगडी, हातात काठी, आणि ऑफिसात काठी कुठं ठेवायची हे न सुचून अवघडलेला. मी त्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "बाई, कशानं बांधलं व्हतं?"

दोरी माझ्या फाईलमध्येच होती, पाकिटात. मी काढून दिली. त्यानं ती बोटांत धरून चोळली.

"ही तर कापनारीच हाय," तो म्हणाला. मग साळूकडं पाहिलं. "तुला गाठ शिकवायची ऱ्हायली माझी. तू लई ल्हान व्हतीस."

त्यानं स्वतःचं मनगट पुढं केलं आणि साळूच्या हातानं गाठ घालून घेतली. चुकली, सोडवली. पुन्हा चुकली. रुक्मा शेजारून बोटानं दाखवत होती. शेवटी जमली. बापानं हात ओढून पाहिला, दोरी सैलच राहिली. साळू हसली, तसा तो एकदम गंभीर झाला.

"ही कोकराला. मानसाला ही बी नाय. मानसाला कुनी बांधू नये. कळलं का?"

साळूनं मान हलवली. तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. पिंकी उभी होती. केस आता जरा वाढले होते, त्यात कुणीतरी रबर लावलं होतं. ती कधीपासून बघत होती कुणास ठाऊक. साळूनं तिला पाहिलं आणि ती बापाच्या पाठीमागून फिरून मुद्दाम पिंकीच्या समोर येऊन उभी राहिली, तिला दिसेल अशी. बापाच्या मनगटावरून सोडवलेली दोरी पुढं केली. दोरी दे असं कुणी सांगितलं नव्हतं तिला.

पिंकी लगेच पुढं आली नाही. मग आली. दोरी घेतली, वळली आणि अंगणातून थेट कंपाउंडच्या भिंतीपाशी गेली. भिंत तिच्या दुप्पट उंच होती. तिनं दोरीचा चेंडू केला, उडी मारली आणि फेकला. पडला तो आतच. रुक्मा पुढं झाली, तर पिंकीनं हातानं तिला थांबवलं. पुन्हा उचलला, पुन्हा फेकला. या वेळी गेला पलीकडं, रस्त्यावर.

मग ती परत आली आणि साळूच्या बापाकडं हात पसरून म्हणाली, "मला बी रेवडी."

ती दोरी चौकशीतला पुरावा होती, आणि नियमानं मी ती जपून ठेवायला हवी होती. पाकीट रिकामं कसं, याचं उत्तर माझ्याकडे कधीतरी कुणीतरी मागितलंच असतं. म्हणून मी तिथंच पेन काढलं आणि पाकिटावर आमच्या सरकारी भाषेत लिहून सही केली: "दोरी संबंधित बालिकेच्या ताब्यात दिली."